जांभईचं वजन

बुधवार, ९ फेब्रुवारी
सकाळी, स्वयंपाक आटोपून

चि. भिंगरी हिला अनेक आशीर्वाद.

वि. वि. इकडे सगळं ठीक. ह्यांचा गुडघा थंडीत कुरकुरतो, पण सकाळचं फिरणं त्यांनी सोडलेलं नाही. आपल्या पार्सलला आठवा महिना लागला, पोरगी परवाच माहेरी आली. तू पाठवलेला सैल झगा तिला असा बसला की जणू तू समोर उभी राहून शिवलास. एकतीस वर्षं नुसत्या फोटोवरून तिचे कपडे शिवतेस, एकदाही टाका उसवावा लागला नाही. मी फूटपट्टी घेऊन खिडकीसमोर उभी राहते, तरी माझे पडदे आखूडच होतात.

कागद पाठकोरा आहे, राग मानू नकोस. पार्सलच्या शाळेतल्या प्रश्नपत्रिका उरल्या होत्या, मागची बाजू स्वच्छ कोरी. टाकवेनात. फोन करायचा तर तू ‘हॅलो’ म्हणताच माझी जीभ टाळ्याला चिकटते आणि मग मी हवापाण्याचं विचारून फोन पार्सलकडे देते. तुला ते ठाऊकच आहे.

सुटीवर येतानाही पोरगी चाचणीचे पेपर घेऊन आली. तपासते ती, बेरीज माझ्याकडे. मॅट्रिकला मला गणितात चांगले गुण होते हे तिला तोंडपाठ आहे, कारण मीच ते महिन्यातून एकदा ऐकवते. मंगळवारी दुपारी जेवणाच्या टेबलावर आम्ही दोघी समोरासमोर बसलो होतो. हा कागद उलटा कर आणि तिसरा प्रश्न वाच. ‘एका माणसाचे वजन वर्षभरात दहा किलोने कमी झाले. ते दहा किलो कुठे गेले?’ तीन गुण.

मुलांनी काय काय लिहिलंय म्हणून सांगू! एकजण म्हणतो, घामातून वाहून गेले. एकीने लिहिलं, जुन्या कपड्यांत राहिले. एका बहाद्दराने लिहिलंय, त्याच्या बायकोचं वाढलं असणार, तिला विचारावे. आमची हसून मुरकुंडी वळली. मग एक पेपर आला, त्यात एकच ओळ, ‘बहुतेक सगळे श्वासावाटे गेले’, आणि शेजारी लाल शाईत तीनपैकी तीन.

मी म्हटलं, “अगं, ह्याला पूर्ण गुण? श्वासाला काय वजन असतं?”

“असतं तर. आई, अख्ख्या वर्गात त्या एकानेच बरोबर लिहिलंय.”

“दहा किलो? फुंकून?”

“फुंकून,” ती म्हणाली.

मग तिने मला शिकवायला घेतलं. मॅट्रिकला हा धडा मलाही होता, पण तेव्हा मी तो देवाच्या स्तोत्रासारखा पाठ केला होता, अर्थ विचारायची पद्धत नव्हती. तिने सांगितलं ते माझ्या शब्दांत लिहिते, चुकलं तर तुझी भाची रागावेल. आपलं अंग म्हणजे अगणित बारीक खोल्या, त्यांना पेशी म्हणतात. प्रत्येक खोलीत इवल्या इवल्या शेगड्या, त्यांचं पुस्तकी नाव तंतुकणिका. खाल्लेल्याची पोटात साखर होते, ती रक्तातून ह्या शेगड्यांपाशी पोचते. श्वासातला ऑक्सिजनही तिथेच पोचतो. तिथे ती साखर जळते, पण भडकून नाही. एक एक पायरी उतरावी तशी, जरा जरा सुटत जाते, आणि प्रत्येक पायरीला थोडी ताकद मिळते. म्हणून आपण भाजत नाही, नुसते कोमट राहतो. त्या ताकदीवर हात हलतो, काळीज धडधडतं, पापणी मिटते.

“आणि राख?” मी विचारलं. शेगडी म्हटली की राख आलीच.

“राख म्हणजे वायू आणि पाणी. कार्बन डायऑक्साइड आणि वाफ. ती आपण नाकातोंडाने बाहेर टाकतो. खाल्लेलं हवेत जातं, आई. दिसत नाही एवढंच.”

माझ्या हातातली पेन्सिल तशीच राहिली. पुढच्या पेपरची बेरीज चुकली, भिंगरी. माझी बेरीज.

मी उठले, देवाच्या फडताळाच्या मागून ती वही काढली. निळ्या पुठ्ठ्याची. तुला आठवत असेल. पार्सल दोन महिने आधी आली, एक किलो सातशे ग्रॅमची, आणि मी तापाने अंथरुणाला खिळलेली, अंगावरचं दूध आटलेलं. नर्सबाई सांगून गेल्या, भुकटीचं दूध चमच्याने द्या, मोजून द्या, लिहून ठेवा. तू मॅट्रिकचा अभ्यास टाकून धावत आलीस. ह्यांनी टपाल कचेरीतून पार्सलं तोलायचा जुना काटा आणला, पितळी तबकात पोरीला ठेवलं आणि म्हणाले, “बोला, कुठल्या पत्त्यावर पाठवायचं?” तेव्हापासून ती पार्सल. तू दर दोन तासांनी दूध द्यायचीस, मी पडल्या पडल्या लिहायची. दूध किती गेलं, दुपटी ओली किती भरली, कोरडी किती, पोरगी किती वाढली. तू कंटाळून एकदा म्हणाली होतीस, “ताई, आता तिच्या जांभईचंही वजन करू का?” मी तुला दटावलं होतं, चेष्टा पुरे.

हिशेब रोज असा यायचा. दूध दोनशे ऐंशी ग्रॅम. दुपट्यांतून गेलं एकशे सत्तर. वजन वाढलं पंचवीस. बाकी पंच्याऐंशी. रोज साधारण अर्धी वाटी दूध कुठेच नसायचं.

पार्सलने वही पाहिली आणि तिचे डोळे चमकले. “आई! हे तू केलंस? हा तर प्रयोगच आहे! अगं, हे पंच्याऐंशी म्हणजे श्वास आणि अंगातून उडालेली वाफ. इतकी नीट नोंद माझ्या कॉलेजात कुणी ठेवत नव्हतं.” मी म्हटलं, नर्सबाईंनी सांगितलं होतं, आणि चहा टाकायला उठले.

तर हे सांगायला हे पत्र. दुधाच्या बाबतीत त्या वेळी जे काही बोलणं झालं, ते अज्ञानातून झालं. ते पंच्याऐंशी ग्रॅम तुझ्याकडे गेले नव्हते, हे मला काल मंगळवारी कळलं. माणसाला ठाऊक नसतं तेव्हा तो चुकतो. देव साक्षी आहे, तुझ्यासाठी मी रोज हात जोडते, एक दिवस चुकलेला नाही.

पार्सलचे दिवस मार्चच्या शेवटी भरतात. तिचं एकच म्हणणं, मावशी हवी. लहानपणापासून तिला सांगत आलो की मावशीला दुकान सोडून निघता येत नाही. आता तीच म्हणते, “महिनाभर कुलूप लावलं तर गावातली माणसं उघडी फिरणार आहेत का?” दुकानाचं बघून कळव.

पार्सलची आई

•

सोमवार, २१ फेब्रुवारी

चि. भिंगरी,

तुझं कार्ड पोचलं. ‘पत्र मिळालं. एकच विचारते. मी गेल्यावर तुमचा हिशेब जुळला का?’

एवढंच. वर ताई नाही, खाली नाव नाही. ‘तुमचा’ वाचून मी कार्ड डब्याखाली सरकवलं आणि दोन दिवस तिथे हात घातला नाही. तुला शिवणाची कात्री उगाच नाही मिळाली. नेमकी शिवणीवरच लावलीस.

मागच्या पत्रात मी लिहिलं की मला मंगळवारी कळलं. ते खोटं आहे. आज खरं लिहिते. मधे थांबले तर पुन्हा लिहिणार नाही, म्हणून हे पत्र पुन्हा न वाचताच पेटीत टाकीन. अक्षर चुकलं तर चुकलं.

तेविसावा दिवस होता. मला पहिल्यांदाच उठून चालता आलं. भिंत धरत धरत स्वयंपाकघरापर्यंत आले तर तू ओट्याशी पाठमोरी, दुधाचा चमचा ओठाला लावलेला. तू दूध कढत आहे का कोमट हे बघत होतीस. प्रत्येक वेळी बघायचीस. मला ते माहीत होतं, भिंगरी. पडल्या पडल्या मी पन्नास वेळा पाहिलं होतं. पण त्या दिवशी मला फक्त पंच्याऐंशी दिसले. मी म्हटलं, “रोज अर्धी वाटी कुठे जाते ते आज कळलं.”

तुला आधी काही उमगलंच नाही. हसलीस. मग मी तुझा पेला उचलून हुंगला. तुझ्या चेहऱ्यावरचं हसू कसं गेलं ते मला अजून दिसतं. मी थांबले नाही. म्हटलं, देवापुढे दिवा आहे, हात धर आणि सांग दूध प्यायली नाहीस.

तू म्हणालीस, “देवाला मधे घेऊ नकोस ताई. तो दूध मोजत नाही.”

मग तू पोरीला माझ्या हातात दिलंस, तिचं दुपटं सारखं केलंस, आणि पिशवी भरलीस. हे दारात आडवे आले तर त्यांना म्हणालीस, “सरा भाऊजी, ह्या बाईंना वही आहे, माझी गरज नाही.” त्या दिवसापासून मी तुझी ताई नाही, बाई आहे. तुझ्या मॅट्रिकच्या परीक्षेची तारीख चारच दिवसांपूर्वी उलटून गेली होती. ते मी वहीत लिहिलं नव्हतं.

आता तुझा प्रश्न.

तू गेल्यावर मी स्वतः दूध दिलं. माझ्या हाताने, माझ्या डोळ्यांसमोर. घरात दुसरं कुणी नव्हतं, हे कचेरीत. पहिल्या दिवशी वजन करायचा धीर झाला नाही. चौथ्या दिवशी केलं. वही समोरच आहे, आकडे उतरवते. दूध दोनशे ऐंशी. दुपटी एकशे सत्तर. वाढ बारा. बाकी अठ्ठ्याण्णव.

जुळला नाही. तू होतीस तेव्हा पंच्याऐंशी जात होते, तू गेल्यावर अठ्ठ्याण्णव गेले. दूध कुठे जातं हे मला मंगळवारी कळलं. पण तू घेतलं नव्हतंस हे मला चौथ्या दिवशी सकाळी दहा वाजता कळलं होतं. त्यानंतर त्या वहीत एक अक्षर नाही. मी ती फडक्यात गुंडाळून देवामागे ठेवली, म्हणजे कुणी हात लावणार नाही.

कार्ड लिहायला पाच मिनिटं लागली असती. का नाही लिहिलं? आधी वाटलं, तब्येत सुधारू दे. मग वाटलं, परीक्षा तर गेलीच, नुसतं ‘चुकले’ म्हणून ती परत थोडीच मिळणार. मग तुझा पहिला फ्रॉक आला, पिवळा, कॉलरवर बदकं, सोबत चिठ्ठी नाही. मला वाटलं, म्हणजे तिचा राग गेला, आता कशाला खपली काढा. मी उलट टपाली ‘कपडे पोचले’ एवढंच लिहिलं. सोपं पडलं, मग सवयच झाली.

त्याच्याही खाली एक गोष्ट आहे. ती लिहिताना मला ह्या वयात लाज वाटते. पार्सल तुझ्या आवाजाकडे मान वळवायची. माझ्याकडे नाही. मी तिची आई, पण खाटेवर पडलेली, तापाने फणफणलेली, दूध नसलेली. तू तिला पोलक्याच्या आत छातीशी धरून वर शाल बांधून घरभर फिरायचीस, भांडीसुद्धा तशीच घासायचीस, आणि ती मांजराच्या पिलासारखी गप्प. मला तुझी चोरी सापडायला हवी होती. दुधाची सापडली असं वाटलं, म्हणून ती धरली.

आणि ती रोजची प्रार्थना. मी लिहिलं ना, तुझ्यासाठी रोज हात जोडते? काय मागत होते ते ऐक. ‘देवा, माझ्या बहिणीची चूक पोटात घाल.’ एकतीस वर्षं. आंघोळ करून, दिवा लावून, डोळे मिटून. वर स्वतःलाच वाटायचं, केवढं माझं मन मोठं! त्याच्याच मागे ती वही, आणि त्याच्यासमोर मी हे मागणार. देव किती सोशिक असेल बघ. तुझं कार्ड आलं त्या सकाळी मी मागणं बदललं, म्हटलं, ‘तिला सांग, मी चुकले.’ मग मनात आलं, देवाला निरोप्या कशाला करते आहेस, टपाल आहे की.

हे सगळं पत्र लिहायच्या आधी मी पार्सलला सांगितलं. तिला आधी कळायला हवं होतं. ताटावरून उठली नाही, पण घासही घेतला नाही. ह्यांनी नुसता माझ्या पाठीवर हात ठेवला. त्यांना सगळं माहीत होतं. तेव्हा एकदाच म्हणाले होते, “चुकतेस तू,” आणि मी तीन दिवस अबोला धरला होता. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत पोरगी माझ्याशी कामापुरतं बोलली. मग ती वही घेऊन खिडकीत बसली. बराच वेळ बसली.

“आई, इकडे ये. हे अठ्ठ्याण्णव बघितलेस?”

“बघितलेत गं. तेच तर सांगितलं तुला.”

“नाही, नीट बघ. दूध तेवढंच, दुपटी तेवढीच. मग वाढ पंचवीसची बारा का झाली?”

मी म्हटलं, माझ्या हाताला गुण नसेल.

“हाताचा प्रश्नच नाही. मावशी गेल्यावर तू मला कुठे ठेवलंस?”

“पाळण्यात. दोन दुपटी घालून.”

तेव्हा तिने सांगितलं. एवढंसं बाळ, अंगावर चरबी नाही, त्याला स्वतःची ऊब धरून ठेवता येत नाही. उघडं पडलं की त्याच्या शेगड्या जोरात पेटतात, आणि वाढीसाठी आलेलं दूध उबेसाठी जाळून टाकतात. तुझ्या छातीशी होती तोवर ऊब तुझी होती. तुझ्या पोटात गेलेल्या अन्नाची, तुझ्या श्वासाची. तिला तिचं दूध जाळावं लागत नव्हतं, म्हणून ते अंगी लागत होतं.

“म्हणजे मावशी माझं दूध घेत नव्हती,” पार्सल म्हणाली. “रोज तेरा ग्रॅम वाचवत होती.”

भिंगरी, मी ती वजाबाकी पुन्हा करून पाहिली. तेराच.

एक सांगते, ते तुझ्या कामी येईल की नाही ठाऊक नाही. त्या चौथ्या दिवशी वही मिटल्यावर मी पाळण्याकडे गेले. पोरीचे पाय गार होते. खुंटीला तुझी तपकिरी शाल राहिली होती, घाईत विसरलीस. मी तिला तू धरायचीस तशी धरली आणि वरून ती शाल बांधली. तुझ्यासारखी गाठ काही जमली नाही. पण ती जगली ती त्या शालीत. कुणी शिकवलं असं नर्सबाईंनी विचारलं तेव्हा मी म्हटलं, ‘आपलं असंच सुचलं.’ तेही खोटं.

शेवटी पार्सलने काय केलं ते लिहून थांबते. बाहेर भिंतींना रंग चालू आहे, रंगाऱ्याकडून तिने चिमूटभर चुना मागून आणला, काचेच्या बरणीत पाण्यात ढवळला आणि झाकून ठेवला. सकाळी वरचं नितळ पाणी हलक्या हाताने पेल्यात ओतून घेतलं. ह्याला म्हणे चुन्याची निवळी म्हणतात. इतकं स्वच्छ की पेल्यापलीकडचं घड्याळ वाचता येत होतं. तिने त्यात एक नळी घातली.

“आई, बघ हं. तुझं दूध दाखवते.”

आणि तिने फुंकलं. सावकाश, पोट सांभाळत. बुडबुडे आले. आधी काहीच नाही. मग पाणी धुरकट झालं, मग पांढरं, आणि बघता बघता सगळा पेला दुधासारखा झाला. श्वासातला तो वायू चुन्याला भेटला की असं होतं. मुलांना ती दरवर्षी वर्गात दाखवते. मला काय झालं कुणास ठाऊक, मी तो पेला दोन्ही हातांत धरून उभी राहिले. जे मी तुझ्या पेल्यात हुंगत होते, ते तिच्या नाकातून बाहेर येत होतं. रोज. माझ्या डोळ्यांसमोर. तूच तर सांगितलं होतंस, जांभईचं वजन करू का म्हणून. केलं असतं तर हिशेब जुळला असता.

माझं मागणं एवढंच आहे की तू ये. मला माफ करून ये असं म्हणत नाही, ते तुझं तू बघ. पार्सलचं बाळ येईल तेव्हा त्याला छातीशी कसं बांधायचं हे ह्या घरात फक्त तुला येतं. आणि आली नाहीस तरी कपडे पाठवणं बंद करू नकोस, म्हणजे तू कशी आहेस ते मला टाक्यांवरून कळत राहील.

खाली काय सही करू? ताई लिहायचा हक्क मी त्या दिवशी ओट्यापाशी घालवला. म्हणून जागा कोरी ठेवते.

•

गुरुवार, ३ मार्च

भिंगरी बाळा,

तुझं कार्ड आज अकराच्या टपालाने आलं. मी पहिला शब्द वाचला आणि पुढचे वाचायला चष्मा पुसावा लागला. पार्सलने हातातून ओढून मोठ्याने वाचलं. ‘ताई, निवळी करून ठेव. मलाही फुंकायचं आहे. पुढच्या शनिवारी दुपारच्या गाडीने येते. शाल मी माझीच आणते, तुझ्या गाठीवर विश्वास नाही.’

हे म्हणाले, “एकतीस वर्षांनी पोचतंय पार्सल. टपाल खात्यात असताना एवढा उशीर मी होऊ दिला नसता.” मग उठून आतल्या खोलीत गेले आणि उगाचच नाक शिंकरत बसले.

तुला कोपऱ्यातली खोली दिली आहे, दुपारी तिथे ऊन येतं. तुझी तपकिरी शाल धुऊन वाळत घातली आहे. विरली आहे, पण आहे. काटा माळ्यावरून काढला, पितळ चिंचेने घासलं. पार्सल म्हणाली, “आई, पुन्हा वही?” मी म्हटलं, नाही गं. बाळाला एकदा तबकात ठेवू, हे एकदा ‘कुठल्या पत्त्यावर’ म्हणतील, आणि मग ते तुझ्या मावशीकडे द्यायचं. ती अंदाजाने सांगेल ते खरं.

देवाकडे आता काही मागत नाही. नुसती बसते, दिव्याकडे बघते. पार्सल म्हणते, वातीचंही तसंच आहे, तेल जळून हवेत जातं. असेल.

निवळी कालच, तुझं कार्ड यायच्या आधी, आशेने काढली. बाटलीत भरून बूच घट्ट लावलं आहे. हवा लागली तर ती आपोआपच पांढरी होते म्हणे, म्हणून कुणाला हात लावू देत नाही. बूच तू आल्यावरच काढीन. आधी तू फुंक, मग मी. आणि कुणाचं दूध किती पांढरं झालं ते मोजायचं नाही.

मागच्या पत्रात खाली जागा ठेवली होती. ती आता भरते.

तुझी
ताई